रिकामा खिळा

"गाणं गोणपाटात बांधून आणल्यासारखं येतंय," गिऱ्हाईक म्हणालं. "एवढी मोठी गाडी, आणि आवाज हा असा."

केतकी ढमढेरे खाली मान घालून कामाचा कागद भरत होती. तिचं पेन थांबलं. मान वर न करताच तिने तो आवाज ओळखला, आणि तो उजव्या कानाने ओळखला. डाव्या कानाचा प्रश्नच नव्हता, कारण तो कान ह्याच माणसाने मारला होता. एकोणीस वर्षांपूर्वी, एका बुधवारी, दुपारी साडेबाराच्या सुमारास.

"नाव?" तिने विचारलं.

"शिरीष सबनीस."

त्यांनी तिला ओळखलं नाही. ओळखणार तरी कसे? चाकणच्या मोटार कारखान्यात सबनीस ध्वनिविभागाचे प्रमुख होते, आणि ती खालच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत दिवसभर हेडफोन लावून बसणारी पोरगी. साहेब लोक वरून खाली येतात ते पाहुण्यांना घेऊन, आणि बघतात ते यंत्रांकडे. तेव्हा तिची कमरेपर्यंत वेणी होती. आता केस कानापर्यंत कापलेले आणि अर्धे पांढरे. दुकानाच्या पाटीवर तिचं नाव नव्हतं, आणि भोसरीत तिला सगळे नुसतं ताई म्हणत. चौकशीच्या वेळीसुद्धा सबनीस समोर आले नव्हते. त्यांनी फक्त एक कागद पाठवला होता, तीन ओळींचा. तो कागद केतकीला तोंडपाठ होता.

गंमत अशी, की ज्या आवाजाची तक्रार घेऊन ते आले होते, तो त्यांनीच सही करून मंजूर केलेल्या आवाजाचा नातू होता. कारखान्यातून येणाऱ्या गाडीचं गाणं वाईट का लागतं, हे केतकीला जितकं माहीत होतं तितकं फार थोड्यांना असेल. स्पीकरचा पडदा कागदाचा, त्यामागचं चुंबक बोराएवढं, आणि दाराचा पत्रा इतका पातळ की ढोलकीवर थाप पडली की दारच ढोलकी होतं. पण खरी गोम पुढेच आहे. हा सगळा आवाज जुळवलेला असतो एका पुतळ्यासाठी. चालकाच्या जागी रबरी कानांचा पुतळा बसवतात, त्याच्या कानांत माइक ठेवतात आणि त्याला बरा वाटेल असा आवाज लावून देतात. त्या पुतळ्याची उंची, त्याची मान आणि त्याचे कान असलेला माणूस अजून जन्माला यायचा आहे. गाड्या स्वतःच्या स्वतः चालायला लागल्यापासून आत बसणाऱ्याला ऐकण्यापलीकडे काम उरलं नव्हतं, त्यामुळे पुतळ्याचं गाणं लोकांना आता चांगलंच टोचत होतं. केतकीचं दुकान त्यावरच चालत होतं.

तेवढ्यात दिगंबर वाळुंज चहा घेऊन आला आणि सबनीसांना बघून त्याच्या हातातला कप बशीत हिंदकळला. तोही त्याच प्रयोगशाळेतला, केतकीहून तीन वर्षांनी मोठा, मोजकं बोलणारा. केतकीची नोकरी गेल्यावर दोन वर्षांनी त्याने आपण होऊन राजीनामा दिला आणि तिच्या दुकानात येऊन उभा राहिला. गेली सतरा वर्षं तो तिचा डावा कान होता. गाडी जुळवताना ती उजव्या खुर्चीत बसे, तो डाव्या, आणि त्या बाजूने काय येतंय ते तो सांगे. पहिल्याच दिवशी त्याने दुकानाच्या भिंतीत एक खिळा ठोकला होता. गाडीत बसून काम करणाऱ्याने आपली किल्ली त्यावर अडकवायची. किल्ली दिसते तोवर बाहेरून कोणी काही चालू करायचं नाही. केतकीला त्या खिळ्याचं फार कौतुक. सख्ख्या भावानेही एवढी काळजी घेतली नसती, असं ती चार लोकांत सांगे.

तसाच खिळा प्रयोगशाळेतल्या निःशब्द खोलीच्या दाराबाहेर होता. आत जाणाऱ्याने आपला बिल्ला त्यावर अडकवायचा. "खिळा रिकामा, तर खोली रिकामी" ही तिथली म्हणच होती. त्या बुधवारी केतकी बिल्ला अडकवून आत गेली. आत गाडीचा सांगाडा होता, त्यात तो पुतळा, आणि बाजूची एअरबॅग फुटताना कानावर किती आवाज आदळतो ते मोजायचं होतं. पुतळ्याच्या कानातला माइक सैल झाला म्हणून ती वाकून बसवत होती. बाहेर मुख्य कचेरीतले पाहुणे ताटकळले होते. सबनीसांनी बटण दाबलं.

मग तो कागद आला. "मी स्वतः पाहिले. बिल्ला खिळ्यावर नव्हता. कर्मचारी नियम मोडून आत गेली." त्या तीन ओळींनी तिची नोकरी घालवली आणि तिला खोटारडी ठरवलं. कान गेल्याचं दुःख तिने एक वेळ गिळलं असतं. पण बिल्ला मी अडकवला होता, हे तिचं म्हणणं कोणी मानलं नाही, ते तिच्या घशाखाली कधी उतरलं नाही. माणूस अंगावर वार घेऊन जगू शकतो, वर आपणच खोटं पडलो हे घेऊन जगणं कठीण. त्या दिवसापासून तिने डूख धरला होता.

आणि आज सावज आपल्या पायांनी चालत दुकानात आलं होतं.

"बसा ना सर," ती गोड आवाजात म्हणाली. "आधी तुमचे कान बघू."

"कान कशाला? बिघाड गाडीत आहे."

"गाडी तुमच्या कानांसाठी जुळवायची, पुतळ्यासाठी नाही."

सबनीस हसले. "पुतळ्याचं मला नका सांगू. त्याच्यापुढे आयुष्य गेलंय माझं." ते खुर्चीत रेलून बसले. "निवृत्तीनंतर संतूर शिकतोय मी. वय सत्तर, आणि शंभर तारा. रोज सगळ्या लावायच्या. माझंच वाजवणं गाडीत ऐकतो, तर वरचे सूर येतच नाहीत. सगळं बोथट."

केतकीने खुर्चीच्या उशीतलं यंत्र चालू केलं. त्याचं नाव पडसाद. माणसाचा कान नुसता ऐकत नाही, तो बोलतोही, हे कळून बरीच वर्षं झाली होती. कानाच्या आत शंखासारखी गुंडाळलेली नळी असते आणि तिच्यात केसपेशींच्या रांगा. आवाज आला की बाहेरच्या रांगांतल्या पेशी त्या तालावर आखडतात, पसरतात, आणि तसं करताना स्वतःचा एक अतिशय बारीक आवाज उलट बाहेर सोडतात. पूर्वी तो पकडायला कानात नळी घालून बंद खोलीत बसावं लागे. पडसादचे माइक तो उशीतूनच पकडत. यंत्र टक् टक् करून प्रश्न विचारी, कान उत्तर देई, आणि त्यावरून गाडीतले अठरा स्पीकर आणि खुर्चीच्या पाठीतली कंपनयंत्रं त्या एका माणसासाठी जुळत. उंच सूर कानाने पोचत नसतील तर ते हाडांतून पोचवायचे. एखादा पट्टा मेला असेल तर त्यातलं गाणं शेजारच्या जिवंत पट्ट्यात उतरवायचं. ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नसे.

ह्याचाच दुसरा अर्थ असा, की गाडी जुळवणाऱ्यापुढे गिऱ्हाइकाच्या कानांची कुंडली उघडी पडे. कुठून उत्तर आलं नाही तर पडसाद एक चिठ्ठी छापे: कान दाखवून घ्या. ती गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायची, हा धंद्यातला रिवाज होता. कायदा अजून तिथवर पोचला नव्हता.

सबनीसांचा आलेख वरच्या सुरांकडे तुटला होता. दोन्ही कान. कड फाटकी होती, आणि फाटकी कड म्हणजे रोग ताजा. पाच महिने, यंत्राने अंदाज सांगितला. खालच्या सुरांकडे तो सरकणार हेही त्याने सांगितलं.

ह्यावर औषध होतं. पालवी नावाचं, कानात सोडायचं. केसपेशी मेली तरी तिच्या शेजारच्या आधारपेशी दीड वर्ष जाग्या असतात. तेवढ्या अवधीत त्यांना चेतवलं तर नवी केसपेशी उगवते आणि रोगही तिथेच थांबतो. दीड वर्षानंतर नळीच्या तोंडाशी असलेली पुढची रांग वण धरते आणि मग औषध आत झिरपतच नाही. केतकीला हे पाठ होतं. सहा वर्षांपूर्वी पालवी निघालं तेव्हा ती दवाखान्यात पहिल्या दिवशी जाऊन उभी राहिली होती. डॉक्टरांनी डाव्या कानात पाहिलं आणि म्हणाले, "तेरा वर्षांचा वण आहे, बाई. आता काही होणार नाही."

यंत्राने चिठ्ठी छापायला घेतली. केतकीने झाकण उघडलं, कागदाची गुंडाळी काढली आणि खणात टाकली.

"चिठ्ठी निघाली का?" दिगंबरने मागून विचारलं.

"कशाची? सत्तरीत असे कान बघायला मिळत नाहीत," ती म्हणाली, आणि पडदा बंद केला. "बिघाड गाडीतच आहे सर. मी करते."

संध्याकाळी तिने वहीच्या शेवटच्या पानावर एक तारीख लिहिली. पुढल्या वर्षीचा डिसेंबर, अकरा. आज नोव्हेंबरची अकरा होती. तेरा महिने होते हातात, आणि तिला फक्त गप्प बसायचं होतं.

सूड घ्यायचा म्हटलं की लोक तोडफोड करतात आणि पकडले जातात. केतकीने आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम केलं. आठ दिवस गाडी दुकानात होती. चारी दारं उघडून तिने आतून जाड थर चिकटवले, पत्र्याची ढोलकी बंद केली. कागदी स्पीकर काढून खोक्यात भरले आणि खोक्यावर गाडीचा नंबर घालून माळ्यावर ठेवले. गिऱ्हाइकाचं जुनं सामान फेकायचं नाही, गाडी विकताना ते परत बसवावं लागतं. मग अठरा स्पीकर, खुर्चीतलं कंपन, आणि सगळ्यावर पडसाद. यंत्र जुळवतं ते आकड्यांनी, त्यात जीव माणसाला ओतावा लागतो. तिने तो ओतला. मेलेल्या कानांना जिवंत असल्याचा भास व्हावा, तोही असा की बाहेर पडल्यावर जग खोटं वाटावं, ह्यासाठी ती सूर अन् सूर घासत बसली.

दिगंबर डाव्या खुर्चीत बसून ऐकत होता. काम संपलं तेव्हा त्याचा चेहरा कधी नव्हे तो मोकळा दिसला.

"ताई, तुमच्याएवढं मोठं मन मी पाहिलं नाही," तो म्हणाला. "त्या माणसाची गाडी, आणि एवढा जीव लावलात."

"जाऊ द्या हो दिगंबरदादा. जुन्या गोष्टी."

सबनीसांनी आपलं वाजवणं लावलं आणि डोळे मिटले. शंभर तारा गाडीभर सांडल्या. मग त्यांनी चष्मा काढून पुसला.

"मी एवढं बरं वाजवतो?" ते म्हणाले.

"दर दोन महिन्यांनी आणत जा सर," केतकी म्हणाली. "थोडं थोडं जुळवावं लागतं."

ते दर दोन महिन्यांनी येत राहिले. दर वेळी आलेख आणखी तुटलेला असे, आणि दर वेळी केतकी तेवढंच भरून काढी. गाडीत त्यांना कधी काही कमी वाटलं नाही. कमी वाटायचं ते बाहेर. संतूरच्या तारा जुन्या झाल्या म्हणून त्यांनी सगळ्या बदलल्या. मग संतूरच बदललं. गुरुजी म्हणाले, वरच्या तारा चढ्या लावताय. तर सबनीसांनी गुरुजीच सोडले.

जूनमध्ये त्यांच्याबरोबर त्यांची बायको आली. मेधाताई बारीक चणीच्या, हसऱ्या, हातात वर्तमानपत्र. सबनीस स्पीकर बघायला वाकले तशा त्या केतकीला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आमच्याकडे आता सगळं बोलणं गाडीतच होतं, ठाऊक आहे का? घरात मी काही म्हटलं की हे चिडतात, तोंडातल्या तोंडात बोलतेस म्हणतात. मग खाली येऊन गाडीत बसतो. भाजी काय आणायची तेसुद्धा गाडीत ठरतं. हे मागच्या सीटवर संतूर मांडीवर घेऊन वाजवतात, माइकमधून त्यांचं त्यांनाच ऐकू येतं. सोसायटीतले हसतात." त्याही हसल्या, पण ते हसू फार टिकलं नाही. "मला सांगा, ह्यांचे कान तपासून घ्यावेत का? मुलगी म्हणते घ्या. हे ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील."

सहा महिने शिल्लक होते. केतकीने त्या बाईकडे पाहिलं. ह्या बाईने तिचं काहीही बिघडवलं नव्हतं, हे तिला पुरतं ठाऊक होतं. एक शब्द पुरला असता. तो शब्द तिच्या जिभेवर आलाही होता. मग तिला तीन ओळींचा कागद आठवला.

"आमचं यंत्र दवाखान्यातल्यापेक्षा बारीक तपासतं," ती म्हणाली. "कान उत्तम आहेत. तुमचा आवाजच जरा नाजूक आहे, ताई."

मेधाताईंनी मान हलवली. "मलाही वाटायचंच," त्या म्हणाल्या.

त्या रात्री केतकीला झोप चांगली लागली. लोकांना वाटतं की अशा कामानंतर माणूस तळमळतो. ती तळमळली नाही. ऑगस्ट गेला, ऑक्टोबर गेला, आलेखात आता खालचेच काही सूर उरले होते, आणि ती वहीतली तारीख बघून दिवस मोजत राहिली. मनातल्या मनात तिने एक वाक्यही घोटून ठेवलं होतं. शेवटी एक दिवस ती सबनीसांना सांगणार होती की, मी स्वतः पाहिले, कानात उत्तर नव्हते.

बारा डिसेंबरला सकाळी ती पेढे घेऊन दुकानात आली.

"कसले पेढे?" दिगंबरने विचारलं.

तिने सांगितलं. पहिल्यापासून सगळं सांगितलं, खणातल्या कागदापासून मेधाताईंपर्यंत. सांगताना तिच्या आवाजात आनंद होता, तो तिने लपवला नाही. "कानाला कान, दादा. काल मुदत संपली. आता देव आला तरी त्यांचे कान परत येणार नाहीत. खा ना, पेढा खा."

दिगंबरने पेढा हातात घेतला होता. तो त्याने तसाच डब्यात ठेवला आणि स्टुलावर बसला.

"तुम्ही माफ केलं म्हणून मी गप्प होतो," तो म्हणाला. "मला वाटलं, मिटलं सगळं."

"काय मिटलं?"

"बिल्ला खिळ्यावर नव्हता, ताई."

केतकीने पेढ्यांचा डबा बाजूला सारला.

"साहेबांनी खरं लिहिलं होतं. बिल्ला मी काढला." त्याने हात मांडीखाली दाबले होते. "बुधवार होता. बुधवारी कँटीनला मिसळ असायची आणि साडेबाराला संपायची. आपल्यात एक जण सगळ्यांचे बिल्ले गोळा करून न्यायचा ना, मशीनवर लावून ताटं धरून ठेवायला? त्या दिवशी माझी पाळी. टेबलावरचे दहा घेतले. तुमचा खिळ्यावर दिसला. म्हटलं दोन मिनिटांत बाहेर येतील, उगाच उपाशी राहतील. खिळ्यावरचा बिल्ला घ्यायचा नसतो हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. घेतला. तुमचं ताट झाकून ठेवलं होतं मी. तेवढ्यात ओरडा ऐकू आला. धावत आलो आणि गर्दीत तो बिल्ला तुमच्या टेबलावर टाकला."

बिल्ला टेबलावर सापडला होता. चौकशीत तेच तिच्यावर उलटलं होतं.

"वीस वर्षं," ती म्हणाली.

"आधी नोकरीसाठी गप्प बसलो. मग सांगायचं ठरवून इथे आलो, तर पहिल्याच दिवशी तुम्ही दादा म्हणालात. मग जमलंच नाही. काय करायचं ते करा माझं."

तिला त्याच्या तोंडात मारावंसं वाटलं. अठरा वर्षं जो कान तिने आपला म्हणून वापरला, तो ह्याने चोरीचं फेडायला लावून दिला होता. पण हात उचलण्याइतका राग तिच्यात उरला नव्हता. जेवढा होता तेवढा तिने भलत्याच माणसावर ओतून टाकला होता.

"किल्ली ठेवा आणि जा," ती म्हणाली. त्याने किल्ली टेबलावर ठेवली आणि तो गेला.

तिने सबनीसांचा आलेख, तिचा कान पाहिला होता त्याच डॉक्टरांना पाठवला. तासाभरात उत्तर आलं. रांग वण धरून बसली आहे, मागच्या हिवाळ्यात आणायला हवे होते. तिने ते तीनदा वाचलं. मग ती प्राधिकरण वसाहतीत सबनीसांच्या घरी गेली.

ते गाडीतच होते. खालच्या पार्किंगमध्ये, मागच्या सीटवर, मांडीवर संतूर. मेधाताई पुढे बसून त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत होत्या. केतकीला बघून त्या उतरल्या आणि चहा टाकते म्हणून वर गेल्या. केतकी सबनीसांच्या डाव्या हाताला बसली, म्हणजे तिचा चांगला कान त्यांच्याकडे आला.

"मी केतकी ढमढेरे," ती म्हणाली.

सबनीसांच्या हातातल्या काड्या थांबल्या. त्यांनी तिच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"नाव विसरलो नाही मी," ते हळूच म्हणाले. "चेहरा कधी पाहिलाच नव्हता. खिळा रिकामा होता हो. मी पाहिला होता. पण एक हाक मारायला हवी होती बटण दाबण्याआधी. पाहुणे होते म्हणून नाही मारली. ते लिहिलं नाही मी कागदात."

तिने सगळं सांगितलं. बिल्ला, मिसळ, दिगंबर. मग आलेख, चिठ्ठी, पालवी, अकरा डिसेंबर. मेधाताईंना काय सांगितलं तेही. गाडीत तिचा आवाज स्वच्छ घुमत होता. तिने स्वतःच ती गाडी तशी बनवली होती, एक अक्षर त्यांच्यापासून निसटणार नव्हतं. सबनीस ऐकत होते. एकदाच त्यांनी विचारलं, "म्हणजे मेधा हळू बोलत नव्हती?"

"नाही."

"बरं," ते म्हणाले.

"सर, मला तुमची क्षमा—"

सबनीसांनी हात पुढे केला आणि पडसाद बंद केलं.

मग ते तिच्याकडे वळून बसले. केतकी बोलत राहिली, थांबणं तिला जमलंच नाही. वीस वर्षांचं सगळं बाहेर पडलं, रडतही होती ती. तिच्या ओठांकडे ते शांतपणे बघत होते, दारावर आलेल्या अनोळखी माणसाचं म्हणणं सभ्यपणे ऐकून घ्यावं तसे. ओठ थांबले तेव्हा त्यांनी विचारलं, "झालं?"

तिने मान हलवली.

"उद्या गाडी आणतो," ते जरा मोठ्याने म्हणाले. आपला आवाज किती, हे त्यांचं त्यांना कळत नव्हतं. "हे सगळं काढा. कंपनीने दिली होती तशी करून द्या मला."

दुसऱ्या दिवशी केतकीने माळ्यावरचं खोकं उतरवलं. किल्ली सवयीने खिळ्यावर अडकवली, ती बघायला बाहेर कोणी नव्हतं तरी. आपलं उत्तम काम तिने एकेक स्क्रू करून उकललं. अठरा स्पीकर काढले, खुर्चीतलं कंपन काढलं, दारांतले थर खरवडले, पत्रा पुन्हा उघडा केला आणि बोराएवढ्या चुंबकांचे कागदी स्पीकर जागच्या जागी बसवले. सबनीस बाकावर बसून बघत होते. एकदाही घाई केली नाही त्यांनी.

संध्याकाळी ती उजव्या खुर्चीत बसली. डावी खुर्ची रिकामी होती. तिने खूण केली तसे सबनीस येऊन तिथे बसले आणि त्यांनी दार ओढून घेतलं. तिने त्यांचं संतूर लावलं. गोणपाटात बांधून आणल्यासारखा आवाज उजव्या दारातून आला. डाव्या दाराचं तिला काही सांगता येईना; ते सांगणारा आता दुकानात नव्हता.

सबनीस समोर बघत थोडा वेळ बसले. मग त्यांनी तिच्याकडे वळून विचारलं, "चालू आहे का?"